प्राध्यापकाचे मत आणि प्राध्यापकाची नोकरी: ग्रामीण विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुख्यतः तालुक्याच्या गावांतील वरिष्ठ महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. दर्यापूर, आर्वी, वणी, उमरखेड, चिमूर, अहेरी अशा ठिकाणी प्राध्यापकाला सारे गाव ओळखते. बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत तो ‘सर’च असतो. म्हणूनच त्याने कापसाच्या भावावर, आरक्षणावर, एखाद्या बाबाच्या चमत्कारावर किंवा सुरजागडच्या लोहखाणीवर काही म्हटले, की ते संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. येथील माहिती वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु वकिलाकडे जाण्याआधीच्या दोन-चार दिवसांत जे बिघडते ते टाळण्यासाठी ती उपयोगी पडावी.

नोकरी स्वीकारली की बोलण्याचे स्वातंत्र्य सोडावे लागते का?

नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे आणि नेमणुकीच्या पत्रावर सही केल्याने ते संपत नाही. १९६२ साली कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराचेही मूलभूत हक्क शाबूत असतात असे सांगून सर्व प्रकारच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा सेवानियम त्या मर्यादेत रद्द केला. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयानेही सरकारी कर्मचाऱ्याला फेसबुकवर मत मांडण्याचा हक्क आहे, हे स्पष्ट केले.

या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात याची यादी त्याच अनुच्छेदात आहे: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. ही यादी प्रत्येक प्राध्यापकाने एकदा तरी नीट वाचावी, कारण आपल्याकडच्या नोटिशींत नेहमी आढळणारी ‘संस्थेची प्रतिमा’ आणि ‘परिसरातील नागरिकांची नाराजी’ ही दोन कारणे त्या यादीत नाहीत.

मग संस्था कारवाई कशी करू शकते?

संविधानातील हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, तर खासगी संस्था मालक या नात्याने सेवाशर्तींचा आधार घेते; ग्रामीण विदर्भातील बहुतेक प्रकरणांची गुंतागुंत येथेच सुरू होते. अनुदानित महाविद्यालयात पगार शासनाकडून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत येतो, शिक्षक म्हणून मान्यता विद्यापीठ देते आणि नेमणुकीच्या पत्रावर सही मात्र संस्थेच्या अध्यक्षांची किंवा सचिवांची असते. शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे, म्हणजे संस्थेकडे असतो. पण तो तिला हवा तसा वापरता येत नाही, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आणि विद्यापीठाचे परिनियम (त्या अधिनियमाखाली केलेले नियम) तिला बांधतात.

शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाची स्थिती वेगळी आहे. तो राज्य सरकारचा नोकर असल्यामुळे त्याला अनुच्छेद ३११ चे, म्हणजे चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी यांशिवाय बडतर्फ न होण्याचे, संरक्षण मिळते. त्याच वेळी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील शासनावर टीका करण्याविषयीची बंधनेही लागू होतात, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत काढलेल्या शासन निर्णयाने ही बंधने अधिक ठळक केली आहेत. अनुदानित महाविद्यालयांतही ‘तुम्ही सरकारचा पगार घेता, तेव्हा सरकारवर बोलायचे नाही’ असे सर्रास सांगितले जाते. पगार कुठून येतो आणि नोकर कोणाचा, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. असा दाखला दिला गेल्यास कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली हे सांगितले जात आहे, अशी लेखी विचारणा करावी.

वर्गात बोललेले आणि फेसबुकवर लिहिलेले यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी लागू होतो. वर्गात प्राध्यापक आपला विषय शिकवत असतो आणि त्या विषयात जे ज्ञान आहे ते सांगणे हे त्याचे कामच आहे, मग ते कोणाला कितीही झोंबो. एक उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राच्या तासाला हमीभाव शिकवताना प्राध्यापिका फळ्यावर उत्पादन खर्चाचे दोन हिशेब मांडते. एकात बियाणे, खत, फवारणी, मजुरी असा रोख खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरलेले असते. त्याला ‘ए-टू अधिक एफएल’ म्हणतात. दुसऱ्यात त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज चढते, तो ‘सी-टू’. २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला दीडपट हमीभाव पहिल्या हिशेबावर मोजला जातो, तर शेतकरी संघटना दुसऱ्या हिशेबाची मागणी करतात. समोर बसलेल्या बहुतेक मुलांच्या घरी कापूस आणि सोयाबीन आहे. त्यांना हा फरक कळलाच पाहिजे, आणि तो समजावून सांगणे म्हणजे सरकारविरोधी प्रचार नव्हे. अशा तासाची अर्धा-पाऊण मिनिटाची चित्रफीत कोणी पसरवली, तर अभ्यासक्रमातील तो घटक, संदर्भग्रंथाचे पान आणि त्या दिवसाची अध्यापन नोंदवही हाच प्राध्यापिकेचा बचाव आहे. म्हणून ती नोंदवही रोज भरावी, वर्षाअखेरीस नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) पाहणीसाठी एका बैठकीत भरून काढू नये.

वर्गाचे संरक्षण मात्र विषयापुरतेच आहे. भूगोलाच्या तासाला निवडणुकीत कोणाला मत द्यावे हे सांगणाऱ्याला ते मागता येणार नाही, कारण विद्यार्थी तेथून उठून जाऊ शकत नाहीत आणि त्यांचे अंतर्गत गुण त्याच माणसाच्या हाती असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील आचारसंहितेत चर्चासत्रे, परिषदा अशा व्यासपीठांवर मोकळे आणि स्पष्ट मत मांडावे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. विद्यार्थ्यांना सहकाऱ्यांविरुद्ध किंवा प्रशासनाविरुद्ध चिथावू नये आणि विद्यार्थ्यालाही आपले मत मांडण्याचा हक्क आहे हे मानावे, असेही तीच संहिता सांगते.

महाविद्यालयाबाहेर, स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या नावाने बोलताना प्राध्यापक नागरिक असतो. तेथे पदनाम आणि महाविद्यालयाचे नाव टाळलेले बरे. ती भीती समजू नये. मत कोणाचे आहे याची ती स्वच्छ नोंद आहे.

व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा होऊ शकतो का?

गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. तो टिकेलच असे नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक असावा असा एक निकाल या प्रश्नावर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेटस ठेवले होते. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे असे त्यात म्हटले होते, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही होत्या. समूहांमध्ये वैर वाढवण्याच्या आरोपाखाली, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ नुसार गुन्हा दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मार्च २०२४ रोजी तो गुन्हा रद्द झाला. अनुच्छेद ३७० रद्द करण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा, त्या दिवसाला काळा दिवस म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा गुन्हा नाही, असे न्यायालयाने सांगितले.

त्या निकालात वापरलेली कसोटी आपल्या नागपूरची आहे. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार या प्रकरणात तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली: शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीराच्या माणसांवर काय होईल हे पाहायचे; डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसांवर काय होईल, हे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी पुढे अनेकदा स्वीकारली. नागपुरात घडलेली ही कसोटी आपल्या जिल्ह्यांतल्या चौकशी अधिकाऱ्यांना माहीत नसते, याचे मला फार वाईट वाटते, आणि म्हणून ती प्रत्येक लेखी उत्तरात उद्धृत करावी असा माझा आग्रह आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून जुने १५३-अ आता कलम १९६, धार्मिक भावना दुखावण्याचे २९५-अ आता कलम २९९ आणि बदनामी कलम ३५६ आहे. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या भाषणविषयक आरोपांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीचा पर्याय वापरणे योग्य ठरेल. ठाण्यात बोलावणे आले तर वकील हा मुद्दा तेथेच मांडू शकतो.

गुन्हा दाखल झाला की नोकरी जातेच का?

जात नाही. गुन्हा दाखल होणे, निलंबन होणे आणि बडतर्फ होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. निलंबन ही शिक्षा मानली जात नाही. चौकशी चालू असताना कामापासून दूर ठेवणे एवढाच त्याचा हेतू असतो आणि त्या काळात निर्वाह भत्ता देणे बंधनकारक आहे. सेवानियमांच्या सर्वसाधारण पद्धतीप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत गेल्यास निलंबन झाले असे मानले जाते. अजयकुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या २०१५ च्या निकालानुसार दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांच्या पुढे निलंबन लांबवता येत नाही. आपल्याकडे मात्र माणसाला निलंबित करून वर्षभर दोषारोपपत्रच न देणे हीच खरी शिक्षा होऊन बसते. निम्म्या पगारात बँकेचा हप्ता, मुलांची नागपूर-पुण्यातली फी आणि घरभाडे भागवायचे असते. अशा वेळी माणूस तत्त्वासाठी भांडत बसत नाही, समझोता करतो.

फौजदारी न्यायालयात सुटका झाली म्हणजे झालेले नुकसान भरून निघते, असेही नाही. केरळमधील थोडुपुळा येथील प्राध्यापक टी. जे. जोसेफ यांच्यावर २०१० मध्ये प्रश्नपत्रिकेतील एका उताऱ्यावरून धर्मनिंदेचा आरोप झाला. त्यांचा हात तोडण्यात आला आणि त्याच वर्षी महाविद्यालयाने त्यांना बडतर्फ केले. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, पण सेवेत परत घेतले ते मार्च २०१४ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केल्यानंतर. जादवपूर विद्यापीठाचे अंबिकेश महापात्रा यांना एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६-अ चा त्यात आधार घेतला होता ते २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरले, तरीही त्यांची आरोपमुक्ती जानेवारी २०२३ पर्यंत लांबली.

विदर्भाशी जोडलेली दोन नावे येथे नेहमी विचारली जातात. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयातील जी. एन. साईबाबा यांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरवले. महाविद्यालयाने २०२१ मध्ये त्यांची सेवा संपवली. नागपूर खंडपीठाने आधी २०२२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवल्यावर पुन्हा ५ मार्च २०२४ रोजी त्यांना निर्दोष मुक्त केले. नोकरी परत मिळाली नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख शोमा सेन यांना जून २०१८ मध्ये, निवृत्ती काही आठवड्यांवर असताना भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली, विद्यापीठाने त्यांना निलंबित केले आणि जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडला. ही दोन्ही प्रकरणे वर्गातील वक्तव्याची नाहीत, त्यांतील आरोप वेगळे आणि अधिक गंभीर होते, आणि म्हणून त्यांची सरळ तुलना स्टेटसशी करू नये. तरीही खटल्याचा निकाल आणि नोकरीचा निकाल वेगवेगळ्या वेळापत्रकांवर चालतात, हे त्यांतून दिसते.

मेमो आला आहे. आता काय करावे?

आधी तो घ्यावा. शिपाई पोचवही घेऊन भर तासात वर्गाच्या दारात उभा राहतो, मुले पाहत असतात, आणि अपमान वाटून पुष्कळ जण ‘नंतर बघू’ म्हणून त्याला परत पाठवतात. पोचवहीत लगेच ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो आणि मूळ आरोप राहतो बाजूला. अवज्ञेचा नवा आरोप तयार होतो. शिपायाचा यात काही दोष नसतो. पाकीट घ्यावे, पोचवहीत सही, तारीख आणि वेळ घालावी आणि शेजारी ‘केवळ पोच, मजकूर मान्य नाही’ असे लिहावे.

त्यानंतर त्याच दिवशी लेखी मागणी करावी: मूळ तक्रारीची प्रत, तक्रारदाराचे नाव, चित्रफीत असल्यास ती संपूर्ण, आणि कोणत्या परिनियमाच्या कोणत्या कलमाचा भंग झाला असे संस्थेचे म्हणणे आहे ते. उत्तरासाठी दिलेली मुदत अपुरी असेल तर मुदतवाढही लेखी मागावी आणि आवक लिपिकाकडून शिक्का मारलेली दुय्यम प्रत घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ होत असेल तर टपाल कार्यालयातून पोचपावतीसह पाठवावे. ज्या पोस्टवरून वाद झाला ती काढून टाकायची असल्यास आधी तारखेसह तिची प्रत, खालच्या प्रतिक्रियांसकट, जपून ठेवावी.

यानंतरचा टप्पा चहाचा असतो. प्राचार्य केबिनमध्ये बोलावतात, दार लावून घेतात आणि आपुलकीने सांगतात, ‘सर, दोन ओळी लिहून द्या, अनवधानाने झाले म्हणून, अध्यक्षसाहेबांना मी सांभाळतो.’ प्राचार्यांचा हेतू अनेकदा खरोखर चांगला असतो, कारण त्यांच्यावरही वरून दडपण असते. परंतु त्या दोन ओळी पुढे चौकशीत कबुलीजबाब म्हणून मांडल्या जातात. बोलण्यात खरोखर चूक झाली असेल, एखाद्या व्यक्तीवर खोटा आरोप झाला असेल, तर दुरुस्ती जाहीरपणे आणि स्वतःच्या शब्दांत करावी. ते प्रामाणिकपणाचे आहे. मत खरे वाटत असेल तर त्याबद्दल माफीनामा लिहून देऊ नये.

राजीनामा मागितला तर?

देऊ नये. राजीनामा दिला की अपिलाचा मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण कागदोपत्री तुम्हाला कोणी काढलेलेच नसते. दडपणाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी पोचपावती मिळेल अशा टपालाने तो मागे घेतल्याचे संस्थेला कळवावे आणि प्रत कुलसचिव व सहसंचालक यांना पाठवावी. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच मान्य केले आहे. रुजू होताना तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली गेली असेल, तर ती गोष्ट विश्वासू सहकाऱ्याला आणि शिक्षक संघटनेला वेळीच सांगून ठेवावी.

चौकशीत काय पाहावे?

दोषारोप नेमका असला पाहिजे: कोणत्या तारखेला, कोठे, कोणते शब्द. ‘संस्थेची प्रतिमा मलिन होईल असे वर्तन’ एवढ्यावर कोणालाही बचाव करता येत नाही, आणि म्हणून पहिला आक्षेप त्यावरच घ्यावा. कागदपत्रे पाहण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि बचाव सहायक मागण्याचा हक्क वापरावा. शिक्षा ठरवण्यापूर्वी चौकशी अहवालाची प्रत मिळाली पाहिजे, हे १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्के केलेले आहे. विद्यार्थी साक्षीदार असतील तर त्यांच्याशी आधी संपर्क साधू नये. एकवीस वर्षांच्या पोराला आपले गुण आणि आपले सर यांच्यामध्ये उभे करणे योग्य नाही.

चौकशी अधिकारी नेमताना संस्थेच्या कार्यकारिणीतीलच कोणी, किंवा ज्यांच्या सभेवर टीका झाली त्यांचाच नातेवाईक नेमल्याची उदाहरणे आहेत. हरकत चौकशीच्या पहिल्याच दिवशी आणि लेखी नोंदवावी. नंतर घेतलेली हरकत सोयीची समजली जाते.

बडतर्फीचा आदेश हाती पडल्यावर कोठे जावे?

विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. बडतर्फी, सेवेतून काढणे, अन्य प्रकारे सेवासमाप्ती आणि पदावनती यांविरुद्ध तेथे दाद मागता येते आणि न्यायाधिकरण पुनर्नियुक्ती व मागील वेतन देण्याचा आदेश देऊ शकते. केवळ निलंबनासाठी विद्यापीठाची तक्रार निवारण समिती किंवा उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ हा मार्ग आहे. शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापकासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तीस दिवसांतील पहिले दहा दिवस पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवण्यात जातात, असे चित्र वारंवार दिसते; पुढाऱ्याला भेटायला हरकत नाही, पण आधी अपील दाखल करावे.

परिवीक्षा काळात असलेल्यांचे काय?

‘काम समाधानकारक नाही’ एवढे म्हणून परिवीक्षाधीन प्राध्यापकाला मुक्त करता येते. मात्र आदेशामागचे खरे कारण एखादे वक्तव्य असेल आणि आदेश शिक्षेच्या स्वरूपाचा किंवा कलंक लावणारा असेल, तर रीतसर चौकशीशिवाय तो टिकत नाही. येथे पुराव्याचा भार जड आहे, म्हणून कामाविषयीचे चांगले शेरे, निकाल आणि हजेरीच्या प्रती आधीपासून जवळ असू द्याव्यात.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला यातले काही लागू होते का?

फारच थोडे, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत मोठा अन्याय येथे आहे. पूर्णवेळ पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्याने विदर्भातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार सीएचबीवरच्या (‘क्लॉक अवर बेसिस’, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकांवर आहे. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसे तासाच्या हिशेबाने शिकवतात. त्यांचे देयक महिनोन्‌महिने अडकते आणि दर सत्राला त्यांना नव्याने मुलाखत द्यावी लागते. त्यांना मेमो द्यावा लागत नाही, चौकशी करावी लागत नाही, बडतर्फही करावे लागत नाही. जूनमध्ये फक्त ‘यंदा वर्कलोड नाही’ असे सांगितले जाते. कागदावर काहीच नसल्यामुळे आव्हान देण्यासारखा आदेशही नसतो.

वर हमीभाव शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचे उदाहरण दिले. ती कायम सेवेत असेल तर तिच्याजवळ परिनियम, न्यायाधिकरण आणि संघटना आहेत. ती सीएचबीवर असेल तर पुढच्या वर्षी ती फळ्यावर एकच हिशेब मांडेल, किंवा तो घटक ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देईल. आणि शेतकऱ्याच्या मुलांना त्यांच्याच घराच्या उत्पन्नाचे गणित कोणी शिकवणार नाही. यात कोणाला नोकरीवरून काढल्याची बातमी होत नाही. भाषणस्वातंत्र्यावरील चर्चा बहुधा मोठ्या विद्यापीठांतील नामवंतांभोवती फिरते. पण खरे मौन येथे, शंभर-दीडशे किलोमीटरवरून रोज एसटीने येणाऱ्या या शिक्षकांच्या वर्गात आहे.

करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. नेमणुकीचा आदेश, घेतलेल्या तासांची स्वाक्षरीसह नोंद आणि देयकाची प्रत प्रत्येक सत्राची जपावी. पुढील वर्षी त्याच विषयाचे तास दुसऱ्याला दिले गेल्यास निवड प्रक्रियेची कागदपत्रे माहिती अधिकारात मागावीत. आणि कायम सेवेतील सहकाऱ्यांनी, ज्यांना संरक्षण आहे त्यांनी, वर्कलोड ठरवण्याच्या विभागीय बैठकीत तोंड उघडावे. नुटासारख्या (नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ) संघटनांनी वेतन आणि सेवाशर्तींसाठी या भागात मोठी लढाई दिली आहे. सीएचबीच्या शिक्षकाचे बोलणे हाही सेवाशर्तीचाच प्रश्न मानायला हवा.

संशोधनातून अप्रिय निष्कर्ष निघाला तर?

संशोधनाची तपासणी संशोधकांनी करावी. २०२३ मध्ये अशोका विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ सब्यसाची दास यांच्या २०१९ च्या निवडणुकीवरील शोधनिबंधावरून वाद उठला, विद्यापीठाने हात झटकले आणि त्यांनी राजीनामा दिला. निबंधातील पद्धत चुकीची असल्यास ती दाखवून देणारा दुसरा निबंध लिहिला जायला हवा होता, असे माझे मत आहे. आपल्याकडे बिबट्या-वाघांच्या हल्ल्यांवर, खाणीच्या धुळीवर किंवा शेतकरी आत्महत्यांवर काम करणाऱ्यांनी आधारसामग्री, प्रश्नावल्या आणि परवानगीपत्रे नीट ठेवावीत. आक्षेप आला की सर्वांत आधी तीच मागितली जातात.

इतर देशांत काय स्थिती आहे?

अमेरिकेत १९६८ च्या पिकरिंग निकालाने शाळा मंडळाच्या खर्चावर वर्तमानपत्रात टीकेचे पत्र लिहिणाऱ्या शिक्षकाची बडतर्फी बेकायदा ठरवली आणि सार्वजनिक प्रश्नावर बोलण्याचा हक्क व कामकाजाची गरज यांचा तोल पाहण्याची कसोटी दिली. तरीही २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने स्टीव्हन सलाईटा यांना गाझाविषयीच्या ट्विटांवरून देऊ केलेले पद काढून घेतले आणि पुढच्या वर्षी ८,७५,००० डॉलर देऊन तडजोड केली. तिकडे कायम सेवेचे संरक्षण मजबूत आहे, पण कंत्राटी शिक्षकाची अवस्था आपल्यासारखीच आहे. युनेस्कोने १९९७ च्या शिफारशीत उच्च शिक्षणातील अध्यापकांना शैक्षणिक स्वातंत्र्य असावे असे म्हटले आहे; ती कायद्याने बंधनकारक नाही, पण लेखी उत्तरात तिचा दाखला देता येतो.

कोणत्या वक्तव्याबद्दल कारवाई व्हायलाच हवी?

विद्यार्थ्याला जात, धर्म, लिंग किंवा भाषेवरून हिणवणे, एखाद्या समाजाच्या मुलांना गुण देताना हात आखडणे, विद्यार्थिनीशी अश्लील बोलणे, कोणाविरुद्ध हिंसेची चिथावणी देणे: येथे मताचा प्रश्नच नाही, हे गैरवर्तन आहे आणि त्यासाठी कडक कारवाई झाली पाहिजे. वर्गात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याचा जातिवाचक अपमान केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. गोंड, कोलाम, माडिया समाजातील पहिल्या पिढीची मुले आज महाविद्यालयात येत आहेत आणि त्यांच्या बोलीवर वर्गात झालेला एक विनोद एखाद्याचे शिक्षण थांबवू शकतो. अशा वर्तनाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणून पाठीशी घालणारे सहकारी खऱ्या वादग्रस्त मतांचे संरक्षणही कमकुवत करतात.

आरक्षण असावे की नसावे, रावणाचे दहन व्हावे की नाही, वेगळा विदर्भ हवा की नको, यांवर प्राध्यापकाचे मत गावातील बहुसंख्यांना न पटणे ही मात्र कारवाईची बाब नाही. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्यावर सभा घ्यावी, त्याला प्रश्न विचारावेत, उत्तरादाखल लेख लिहावा. त्याची बदली किंवा हकालपट्टी मागू नये.

निवृत्तीनंतर बोललो तर पेन्शन अडवता येते का?

निवृत्तीनंतरच्या मतासाठी नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम २७ नुसार सेवाकाळातील गंभीर गैरवर्तन विभागीय चौकशीत किंवा न्यायालयात सिद्ध झाले तरच निवृत्तिवेतन रोखता किंवा कमी करता येते, आणि निवृत्तीनंतर नव्याने चौकशी सुरू करायची तर ती घटना चार वर्षांहून जुनी असता कामा नये. निवृत्तिवेतन ही मालमत्ता असून कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात सांगितले आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांची योजना वेगळी असल्याने त्यांनी आपल्या खात्याची आणि सेवापुस्तकाची नोंद निवृत्तीआधीच सहसंचालक कार्यालयातून तपासून घ्यावी. सेवेत असतानाच्या एखाद्या वक्तव्यावरून चौकशी प्रलंबित असेल, तर ती निवृत्तीपूर्वी पूर्ण करावी असा लेखी अर्ज निवृत्तीच्या पुरेसा आधी द्यावा. प्रलंबित चौकशीच्या नावाखाली ग्रॅच्युइटी अडकून राहते आणि ती सोडवायला निवृत्त माणसाला पुन्हा नागपूरच्या खेपा घालाव्या लागतात.